उतार, उपशम आणि बरं होणं : स्वयंप्रतिकार आजारांच्या इतिहासातला एक प्रश्न



आजचा विषय वैद्यकातला आहे आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल की हे गृहस्थ दुसऱ्याच्या शेतात का शिरताहेत. तर आधीच सांगून टाकतो, आम्ही कुणाला औषध सांगणार नाही. ते ज्याचे त्याचे डॉक्टर सांगतील. आम्ही एका शब्दाचा इतिहास सांगणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘रेमिशन’. संधिवात, ल्यूपस, थायरॉइडचे काही विकार, सोरायसिस, कोड असे जे दीर्घकाळ चालणारे स्वयंप्रतिकार आजार आहेत, ते कधी शांत होतात का? आणि शांत झाले, तर त्याला ‘बरं झालं’ म्हणायचं का?

हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्या सोलापुरात घरोघरी त्याची दोन उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर असं : “हा जन्माचा आजार आहे, आता काही होत नाही.” ते ऐकून तिशीतली बाई सुजलेल्या बोटांनी भाकरी थापत राहते आणि दवाखान्याची पायरी चढत नाही. दुसरं उत्तर भिंतीवर रंगवलेलं असतं : “संधिवात मुळासकट बरा, हमखास.” ते वाचून माणूस चालू असलेल्या गोळ्या बंद करतो आणि पुड्या सुरू करतो. ही दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोघांचा परिणाम एकच, सांधा वाकडा होतो. आमचं म्हणणं असं की या दोन उत्तरांच्या मधे एक तिसरं उत्तर आहे आणि ते मिळवायला माणसाला बराच काळ लागला.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. मराठीत ‘बरं झालं’ आणि ‘उतार पडला’ यांत फरक आहे. ताप उतरला म्हणजे आजार गेला असं कुणी जुनं माणूस म्हणत नसे. आयुर्वेदाने तर हा फरक शास्त्रात बसवला. रोगांची वर्गवारी करताना साध्य, कृच्छ्रसाध्य, म्हणजे कष्टाने बरे होणारे, आणि असाध्य असे प्रकार सांगितले; आणि त्यांच्या जोडीला आणखी एक शब्द ठेवला, तो म्हणजे ‘याप्य’. याप्य रोग म्हणजे जो मुळातून जात नाही, पण योग्य उपचार चालू असेपर्यंत ताब्यात राहतो, आणि उपचार सोडला की पुन्हा डोकं वर काढतो. सुश्रुतसंहितेत त्यासाठी दिलेली उपमा फार नेमकी आहे. पडायला आलेल्या घराला नीट टेकू लावला तर घर उभं राहतं, तसं याप्य रोग्याचं. टेकू काढला की काय होईल हे सांगायला वैद्य लागत नाही.

आता बघा, ‘याप्य’ हा शब्द आपण व्यवहारातून हरवून बसलो. ‘साध्य’ आणि ‘असाध्य’ एवढेच उरले. आमच्या मते आजच्या गोंधळाचं निम्मं कारण इथं आहे. आधुनिक वैद्यकालाही हा मधला शब्द नव्याने घडवावा लागला. तो कसा, ते पाहू.

स्वयंप्रतिकार म्हणजे काय, हे थोडक्यात. आपल्या शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढणारी एक फौज असते. तिला आपला कोण आणि परका कोण हे ओळखावं लागतं. ही ओळख चुकली की फौज आपल्याच माणसांवर चालून जाते. सांध्याच्या अस्तरावर गेली तर संधिवात, म्हणजे र्‍हूमॅटॉइड आर्थ्रायटिस. थायरॉइडवर गेली तर थायरॉइडचा विकार. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर गेली तर पहिल्या प्रकारचा मधुमेह. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर गेली तर कोड.

गंमत अशी की असं काही होऊ शकतं हेच विज्ञानाने बरीच वर्षं मानलं नाही. जर्मनीत पॉल एर्लिख यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. एका शेळीचं रक्त दुसऱ्या शेळीला टोचलं तर ती त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते, पण स्वतःच्या रक्ताविरुद्ध करत नाही. १९०१ मध्ये त्यांनी याला एक लॅटिन नाव दिलं, ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’, म्हणजे स्वतःवरच विष उधळण्याची शरीराला वाटणारी धास्ती. एर्लिख यांचं म्हणणं बारीक होतं. असं विष तयार झालं तरी ते आवरणारी काही व्यवस्था शरीरात असली पाहिजे, असं ते सुचवत होते. पण पुढच्यांनी त्याचा ढोबळ अर्थ घेतला, की असं घडतच नाही. तीनच वर्षांनी, १९०४ मध्ये, डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडीमुळे रक्तपेशी फुटण्याच्या एका विकारात स्वतःच्याच पेशींवर हल्ला करणारा घटक दाखवला. तरी मोठ्या नावाचं वजन एवढं की १९५० च्या दशकापर्यंत बहुतेकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. १९५६ च्या सुमाराला लंडनमध्ये आणि अमेरिकेत थायरॉइडवर काम करणाऱ्यांनी पुरावाच समोर ठेवला, तेव्हा ही कल्पना रुळली. आपल्या न्यायशास्त्रात शब्दप्रमाण आणि प्रत्यक्ष यांचा वाद आहे. इथं प्रत्यक्षाला पन्नास वर्षं शब्दप्रमाणाच्या दाराबाहेर ताटकळत उभं राहावं लागलं.

पण आजार का होतो हे कळण्याच्या आधीच एका माणसाने तो थांबू शकतो हे पाहिलं होतं. फिलिप हेंच हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले संधिवाताचे डॉक्टर. १९२९ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या एका रुग्णाने सांगितलं की त्याला कावीळ झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून सांध्यांचं दुखणं ओसरलं. कावीळ गेली तरी आराम काही महिने टिकला. दुसरा एखादा डॉक्टर असता तर ‘योगायोग’ म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळला असता. हेंच यांनी असे रुग्ण शोधायला सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आलं की संधिवात असलेल्या पुष्कळ स्त्रियांना गरोदरपणात उतार पडतो आणि बाळंतपणानंतर आजार पुन्हा उचल खातो.

यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष फार महत्त्वाचा होता. तोपर्यंत समज असा की हा आजार एकाच दिशेने चालतो, उतारावरून सुटलेल्या गाडीसारखा. हेंच म्हणाले, तसं नाही. गाडीला ब्रेक आहे, तो शरीरातच कुठे तरी आहे, फक्त आपल्याला सापडलेला नाही. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘एक्स’ म्हटलं.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल यांनी ज्याला पुढे कॉर्टिसोन हे नाव मिळालं ते औषध एका २९ वर्षांच्या रुग्ण स्त्रीला टोचलं. संधिवाताने तिला जवळजवळ जागेवर खिळवलं होतं. काही दिवसांतच ती चालू लागली, आणि आठवड्याभरात बाजारात खरेदी करून आली. जगभर बातमी गेली, चमत्कार झाला म्हणून. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइशश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आणि मग चमत्काराचा हिशोब आला. औषध बंद केलं की आजार परत. चालू ठेवलं तर चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग होतो. स्टेरॉइड हे आजही मोलाचं औषध आहे. ल्यूपसच्या किती तरी रुग्णांचे प्राण त्याने वाचवले आहेत. पण ‘बरं वाटणं’ आणि ‘बरं होणं’ एक नव्हे, हा धडा जगाला तिथं मिळाला. काही पुड्यांमध्ये न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे तपासण्यांत वारंवार सापडलेलं आहे. दोन दिवसांत उभा केला, असं ज्या पुडीबद्दल ऐकू येतं, तिच्याबद्दल म्हणूनच शंका घ्यावी.

आता आपण महाराष्ट्रात येऊ. संधिवातात आज सगळ्यात जास्त भरवशाचं मानलं जाणारं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. या औषधाच्या कुळकथेचा एक महत्त्वाचा धागा मुंबईच्या कापड गिरण्यांतून जातो. आपलं सोलापूरही गिरण्यांचं गाव. १८७७ मध्ये इथं ‘जुनी मिल’ उभी राहिली, तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात एक जीवघेणा पांडुरोग होत होता. रक्त पाण्यासारखं होई आणि आई दगावे. विल्स यांनी या बायकांचं रक्त तपासलं, त्या काय खातात ते लिहून काढलं, उंदीर आणि माकडांवर प्रयोग केले. त्यांच्या लक्षात आलं की हा आजार जंतूंचा नसून आहारातल्या कशाच्या तरी कमतरतेचा आहे. यीस्टचा अर्क, म्हणजे विलायतेत पावाला लावून खातात ते साधं मार्माइट, दिलं की रुग्ण स्त्रियांचं रक्त झपाट्याने सुधारत होतं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. आज आपण त्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हणतो. सरकारी दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी देतात, तिच्या मुळाशी या अनाम गिरणी कामगार स्त्रिया आहेत.

पुढचा धागा आंध्रातल्या भीमावरमचा. तिथले येल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला वैद्यक शिकले, १९२३ मध्ये अमेरिकेला गेले आणि पुढे लेडर्ली या औषध कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख झाले. १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार केलं. मग त्यांनी त्याचा तोतया भाऊ बनवला, अमिनोप्टेरिन. पेशीला वाटतं फॉलिक अ‍ॅसिड मिळालं, प्रत्यक्षात तिची वाढ अडते. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना दिलं. त्यांतल्या १० जणांत सुधारणा दिसली. १९४८ च्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच शब्द होते ‘तात्पुरती रेमिशन्स’. तो शब्द आणि त्याआधीचं विशेषण, दोन्ही प्रामाणिक होते. सुब्बाराव त्याच वर्षी वारले.

१९५१ मध्ये रिचर्ड गबनर यांनी हेच अमिनोप्टेरिन संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं. सूज उतरली, आणि ज्यांना सोरायसिस होता त्यांचे चट्टेही साफ होऊ लागले. पण तो काळ कॉर्टिसोनच्या दिंडीचा. या गरीब भावंडाकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. अमिनोप्टेरिनचा थोडा सौम्य भाऊ मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी नीट तपासला गेला तो १९८५ च्या सुमारास, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे गबनर यांच्या निरीक्षणानंतर तब्बल ३७ वर्षांनी. दरम्यान किती हातांची बोटं वाकडी झाली असतील, याचा हिशोब कोण ठेवणार?

या इतिहासातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात, त्या जाता जाता सांगतो, कारण त्यात जीवाचा प्रश्न आहे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर ते जीवावर बेतू शकतं. त्याच्या जोडीला डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात, ते का, हे आता आपल्याला कळलं. दुसरी गोष्ट, गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलावं लागतं. गरोदर स्त्रियांना वाचवण्यासाठी सुरू झालेल्या शोधातून असं औषध निघालं जे गरोदर स्त्रीला देता येत नाही. इतिहासाचे असे पेच असतात.

आता मुख्य प्रश्न. रेमिशन मोजायचं कसं? ‘मला बरं वाटतंय’ एवढं पुरेसं आहे का? १९८१ मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी पहिल्यांदा सहा कसोट्या ठरवल्या. सकाळचा आखडलेपणा १५ मिनिटांपेक्षा जास्त नको, थकवा नको, सांधेदुखी नको, दाबल्यावर दुखायला नको, सूज नको आणि रक्तातला ईएसआर ठरावीक मर्यादेत हवा. सहापैकी पाच कसोट्या सलग दोन महिने पुऱ्या झाल्या तर रेमिशन. २०११ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या तज्ज्ञांनी मिळून नवी व्याख्या केली. दुखरा सांधा जास्तीत जास्त एक, सुजलेला सांधा जास्तीत जास्त एक, रक्तातला सीआरपी एकपेक्षा जास्त नाही, आणि रुग्णाने स्वतः आपल्या आजाराला दहापैकी दिलेले गुणही एकपेक्षा जास्त नाहीत.

हा शेवटचा मुद्दा आम्हाला तत्त्वज्ञानाचे म्हणून फार मोलाचा वाटतो. रोग्याची साक्ष, जी वैद्यकाने मधल्या काळात ‘व्यक्तिनिष्ठ’ म्हणून बाजूला ठेवली होती, ती पुन्हा आत आली, रक्ततपासणीच्या शेजारी मानाने बसली. पण एकटी नाही. कारण सांध्यात धुगधुगी असते आणि माणसाला बरं वाटत असतं, असंही होतं.

आणि लक्षात घ्या, या व्याख्येत ‘औषध बंद झालेलं’ ही अट कुठेच नाही. औषध चालू असतानाही रेमिशन असू शकतं. म्हणजे काय? टेकू लावून उभं असलेलं घर. याप्य! दोन हजार वर्षांच्या आसपासची जुनी कल्पना आकड्यांचा सदरा घालून परत आली.

मग प्रश्न येतो, रेमिशन मिळतं का? २००४ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी ११० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीसारखं दर तीन महिन्यांनी पाहिलं. उरलेल्यांना दर महिन्याला बोलावलं, दर वेळी सांधे मोजले, गुण काढले आणि गुण वर गेले की औषध लगेच बदललं. औषधं जुनीच, तीच गावात मिळणारी. दीड वर्षाने नेहमीच्या गटात १६ टक्के लोक रेमिशनमध्ये होते आणि दर महिन्याच्या गटात ६५ टक्के. फरक कशाने पडला? नव्या औषधाने नाही, नेटाने पडला. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बी तेच, पाऊस तोच. ज्याची खुरपणी वेळेवर, त्याचं पीक उभं.

पण हे ग्लासगोचं झालं. आपल्याकडे? इथं पुणे–सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणचं नाव घेतलं पाहिजे. उजनीच्या फुगवट्याच्या काठचं गाव. तिथं लोक फ्लेमिंगो बघायला जातात, आणि त्याच उजनीचं पाणी आपण पितो. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाखाली भिगवणमध्ये घरोघर जाऊन सर्वेक्षण केलं. चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारलं, दुखतं का, कुठं, केव्हापासून. सुमारे १८ टक्के लोकांना हाडं, सांधे, स्नायूंचं दुखणं होतं. त्यातलं बहुतेक कष्टाचं आणि वयाचं. पण स्वयंप्रतिकारातून होणारा र्‍हूमॅटॉइड संधिवात अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. आकडा लहान वाटतो ना? पण आपल्या जिल्ह्यासारख्या लाखोंच्या वस्तीला लावून बघा. प्रत्येक मोठ्या गावात अशी माणसं निघतील, आणि त्यांत बायका जास्त, कारण हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पटींनी जास्त होतो.

भिगवणने एक जुना समज मोडला. हे आजार श्रीमंतांचे, शहरातले, थंड देशातले नाहीत. विडी वळणाऱ्या बोटांना आणि यंत्रमागावर उभ्या असलेल्या गुडघ्यांनाही ते होतात. आणि ‘काम करून दुखतंय’ म्हणून जे अंगावर काढलं जातं, त्यात थोड्यांचं दुखणं वेगळं असतं, हे त्या सर्वेक्षणातून दिसलं. ते वेळेवर ओळखलं तर रेमिशनची शक्यता चांगली. दोन-तीन वर्षं गेली, हाड झिजलं, तर आजार शांत झाला तरी वाकलेलं बोट सरळ होत नाही. म्हणून सकाळी अर्धा-पाऊण तास बोटं आखडत असतील, सूज सहा आठवडे हटत नसेल, तर ते कष्टाचं दुखणं समजू नये.

आता एक सावधगिरी. ‘स्वयंप्रतिकार आजार’ हे एका कुटुंबाचं नाव आहे, पण भावाभावांचे स्वभाव वेगळे. सगळ्यांना एकच उत्तर लावलं की घात होतो.

सीलिअ‍ॅक रोगाचं उदाहरण घ्या. यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्यावर हल्ला होतो. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हावर संशय होताच. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि ही आजारी मुलं उलट सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा बिघडली. हा असा स्वयंप्रतिकार आजार, ज्याचं चिथावणारं कारण नेमकं ठाऊक आहे. गहू, जव कायमचे सोडले तर बहुतेकांचं आतडं सुधारतं. आपल्या भागाचं भाग्य असं की मालदांडी ज्वारीत ग्लूटेन नसतं. ज्याला हा आजार आहे त्याच्यासाठी सोलापूरची कडक भाकरी हेच पथ्य. पण म्हणून भाकरीने संधिवात जातो असं कुणी सांगू लागला तर त्याला हात जोडावेत.

ग्रेव्हज हा थायरॉइड जास्त चालण्याचा विकार घ्या. वर्ष-दीड वर्ष गोळ्या दिल्या आणि थांबवल्या, तर साधारण निम्मे लोक शांत राहतात, निम्म्यांना पुन्हा त्रास होतो. म्हणजे इथं टेकू काढून बघता येतो, पण लक्ष ठेवून. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात उलट. सुरुवातीच्या काही महिन्यांत इन्सुलिनची गरज एकदम कमी होते, घरच्यांना वाटतं पोर बरं झालं. डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतात आणि तो संपतोच. त्या काळात कुणाच्या सांगण्यावरून इन्सुलिन पूर्ण बंद केलं, तर मूल हातचं जाऊ शकतं. आणि ल्यूपस? १९५५ मध्ये अमेरिकेत मोजलं तेव्हा निदानानंतर चार वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण जिवंत असत. आज चांगले उपचार मिळतात तिथं पाच वर्षांनी ९० टक्क्यांहून अधिक असतात, आणि त्यातल्या अनेकांचा आजार दीर्घकाळ शांत राहतो.

मग संधिवातात रेमिशन मिळाल्यावर गोळ्या सोडायच्या का? घरात हा वाद ठरलेला असतो. सासूबाई म्हणतात, “आता बरी आहेस ना, मग कशाला ती कडक औषधं?” नॉर्वेतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये याचं उत्तर दिलं. किमान वर्षभर रेमिशनमध्ये असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांची औषधं तशीच ठेवली, निम्म्यांची मात्रा अर्धी केली. पुढच्या वर्षात पहिल्या गटात ६ टक्के लोकांचा आजार उफाळला, दुसऱ्यात २५ टक्के. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा. मात्रा कमी केल्यावर धोका चौपट झाला, हे खरं. आणि चारांतल्या तिघांना वर्षभर काही झालं नाही, हेही खरं. तेव्हा सासूबाईंचा प्रश्न चुकीचा नाही. फक्त तो स्वयंपाकघरात सोडवायचा नसतो, डॉक्टरसमोर सोडवायचा असतो.

आयुर्वेदाचं काय, असा प्रश्न नेहमी येतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला कोईमतूरचा एक अभ्यास आहे. ४३ रुग्णांचे तीन गट केले. एकाला आयुर्वेदिक उपचार, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट, तिसऱ्याला दोन्ही. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. तिन्ही गट साधारण सारखे सुधारले. संख्या लहान, म्हणून यावरून निवाडा होत नाही. पण पद्धत आम्हाला आवडली. अभिमान आणि तिरस्कार दोन्ही दाराबाहेर ठेवून तपासायचं, अशी ही पद्धत.

शेवटी आजच्या घडामोडींकडे येऊ. २०२१ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेन इथं गेओर्ग शेट यांच्या चमूने गंभीर ल्यूपस असलेल्या एका तरुणीवर कार-टी पेशींचा उपचार केला. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, त्यांना गुन्हेगार बी पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं. २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांचा अहवाल दिला. त्यातले ल्यूपसचे आठही जण सगळी प्रतिकारशामक औषधं थांबवून रेमिशनमध्ये होते. टेकू काढला आणि घर उभं राहिलं! पण रुग्ण पंधरा आणि पाठपुरावा सरासरी सव्वा वर्षाच्या आसपास, हे विसरू नये. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, स्वयंप्रतिकार आजारांसाठी नव्हे. उद्या भिंतीवर तशी जाहिरात दिसली, तर आज ऐकलेलं आठवावं. मात्र हे तंत्र पवईत तयार होऊ शकतं, ही गोष्ट लहान नाही.

आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं ब्रंकाव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना. आपल्याच फौजेला आवरणाऱ्या पहारेकरी पेशी त्यांनी उजेडात आणल्या. म्हणजे एर्लिख यांनी १९०१ मध्ये सुचवलेली आवरणारी व्यवस्था आणि हेंच यांनी १९२९ पासून शोधलेला ब्रेक, दोन्ही कल्पनांना धरून काही तरी शरीरात खरोखर होतं.

तर श्रोतेहो, प्रश्न होता, हे आजार शांत होतात का? इतिहास सांगतो, होतात. काही औषधावर शांत होतात, काही औषध सुटल्यावरही राहतात, काही अजून होत नाहीत. ‘बरा होईल का, हो की नाही’ हा प्रश्नच अपुरा आहे. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : माझा आजार यांपैकी कुठल्या स्वभावाचा आहे? तो शांत झाला हे आपण कशावरून ठरवणार? आणि शांत झाल्यावर टेकू कधी, किती आणि कुणाच्या देखरेखीखाली सैल करायचा? जो डॉक्टर या तिन्ही प्रश्नांना ‘माहीत आहे’ किंवा ‘अजून माहीत नाही’ असं सरळ उत्तर देतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

आपल्या घरात, शेजारी कुणी बाई सकाळी मुठी वळू न शकणाऱ्या हातांनी काम करत असेल, तर तिला ‘जन्माचं दुखणं’ म्हणून गप्प बसवू नका आणि ‘मुळासकट जाईल’ म्हणून भुलवूही नका. तिला सांगा, उतार पडू शकतो, पण लवकर चल. सोबतीला कुणी नसेल, तर आपण जा.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.